पाण्यातील प्रतिजैविके : मोजमाप कोणाच्या हाती?



या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकविणाऱ्या गुरुजींच्या स्मरणार्थ योजिलेल्या या व्याख्यानासाठी आपण मला बोलावलेत, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. स्मृतिव्याख्यानात गुरुजनांचे गुणवर्णन करण्याची प्रथा आहे. परंतु विज्ञानाच्या शिक्षकाचे खरे स्मरण एखादा अवघड प्रश्न नीट उलगडून पाहण्यात आहे, असे मी मानतो. म्हणून आपल्या हैदराबाद शहराशी निकटचा संबंध असलेला एक प्रश्न मी आज निवडला आहे. औषधांच्या कारखान्यांतून पाण्यात उतरणारी प्रतिजैविके, म्हणजे व्यवहारात आपण ज्यांना अँटिबायोटिक म्हणतो ती औषधे, कशी ओळखावीत आणि कशी मोजावीत. आणि त्यासाठी अब्जांश पदार्थांपासून जे संवेदक प्रयोगशाळांत तयार होत आहेत, त्यांचा उपयोग नेमका कोठे आहे, हा तो प्रश्न होय.

आरंभी याच शहरातील एका जुन्या घटनेचे स्मरण करून देतो. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचे परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. तोपर्यंत दलदलीतील दूषित हवेने हिवताप होतो, असा समज शतकानुशतके रूढ होता. त्या दिवसानंतर तो समज टिकणे शक्य नव्हते. रॉस यांचे साधन त्या काळाच्या मानानेही फार मोठे नव्हते. पण ते जेथे रोग होता तेथे, रोग्यांच्या आणि डासांच्या शेजारी होते. साधन किती सूक्ष्म पाहते याला जसे महत्त्व आहे, तसेच ते कोठे ठेवलेले आहे यालाही आहे. आजच्या विषयाचे सूत्र हेच आहे, म्हणून ही आठवण दिली.

आता प्रतिजैविकांकडे वळू. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये पेनिसिलिनचा शोध लागला आणि १९४५ मध्ये फ्लोरी व चेन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळच्या भाषणातच फ्लेमिंग यांनी एक इशारा देऊन ठेवला होता. जीवाणू मरणार नाहीत इतक्या अल्प मात्रेत औषध त्यांच्या संपर्कात येत राहिले, तर ते त्या औषधाला दाद देईनासे होतात, असे त्यांनी सांगितले. हा इशारा औषध अर्धवट घेणाऱ्या रुग्णासाठी होता. नदी, ओढा किंवा तलाव हाच असा रुग्ण होऊ शकेल, ही कल्पना त्या काळी कोणास आली नसावी.

औषधनिर्मितीच्या इतिहासात तेलुगू भूमीचे आणि आपल्या देशाचे स्थान अभिमानास्पद आहे. भीमावरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत संशोधनप्रमुख असताना, त्यांच्या मार्गदर्शनाखाली बेंजामिन डग्गर यांनी शोधलेले ऑरिओमायसिन १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. टेट्रासायक्लिन कुळातील ते पहिले औषध. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६१ मध्ये इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स ही सरकारी संस्था स्थापन होऊन तिचा एक मोठा कारखाना हैदराबादेस आला. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूऐवजी केवळ निर्मितिप्रक्रियेलाच संरक्षण दिल्यामुळे देशी उद्योगाला वाव मिळाला. पाहता पाहता बालानगर, जीडीमेटला, बोल्लारम, पटानचेरू या भागांत औषधांचे कारखाने उभे राहिले. या कारखान्यांनी जगातील गरिबांना परवडणारी औषधे दिली आणि या शहरातील सहस्रावधी कुटुंबांची चूल पेटती ठेवली. आज समोर बसलेल्यांपैकी कित्येकांच्या घरी त्या उद्योगाचा पगार येत असेल. तेव्हा मी येथे उद्योगाविरुद्ध फिर्याद मांडण्यास उभा नाही. उद्योगाच्या मागील दाराने काय बाहेर जाते, ते पाहण्याची सोय हवी, एवढेच माझे म्हणणे आहे.

त्या मागील दाराकडे जगाचे लक्ष गेले ते २००७ मध्ये. स्वीडनमधील योआकिम लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पटानचेरू येथील सामाईक सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे विश्लेषण प्रसिद्ध केले. सुमारे ९० औषधनिर्मात्यांचे सांडपाणी त्या केंद्रात येत होते. लक्षात घ्या, हे शुद्धीकरणानंतरचे पाणी. त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे सर्वपरिचित औषध लिटरमागे ३१,००० मायक्रोग्रॅमपर्यंत, म्हणजे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले.

विद्यार्थिमित्रहो, हा आकडा पाटीवर मांडून पाहू. सिप्रोफ्लॉक्सासिनची नेहमीची गोळी ५०० मिलिग्रॅमची असते. ५०० ला ३१ ने भागा. उत्तर सुमारे १६ येते. सोळा लिटर म्हणजे आपल्या न्हाणीघरातील एक बादली. त्या पाण्याच्या प्रत्येक बादलीत एक संपूर्ण गोळी विरघळलेली होती, असा याचा अर्थ. गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात औषधाचे जे कमाल प्रमाण असते ते लिटरमागे दोन-अडीच मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे औषध घेतलेल्या माणसाच्या रक्तापेक्षा त्या नाल्यात औषध अधिक होते. एका दिवसात त्या केंद्रातून सुमारे ४४ किलोग्रॅम सिप्रोफ्लॉक्सासिन बाहेर पडत असल्याचा अंदाज संशोधकांनी वर्तविला. हे ८८,००० गोळ्यांएवढे झाले. सारा स्वीडन देश पाच दिवसांत जितके सिप्रोफ्लॉक्सासिन वापरीत असे, तितके हे होते.

२००९ मध्ये याच परिसराविषयी दुसरा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात एका तलावाच्या पाण्यात लिटरमागे ६.५ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन आढळल्याची नोंद आहे आणि गावांतील विहिरींच्या पाण्यातही औषधांचे अंश सापडल्याचे म्हटले आहे. पटानचेरूचे सांडपाणी ज्या इसकवागू ओढ्यात जात असे, तो नक्कवागूला मिळतो आणि नक्कवागू मांजरा नदीला. ही मांजरा आपल्या परिचयाची आहे. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात ती उगम पावते, लातूर आणि बीदर ओलांडून तेलंगणात येते आणि कंदकुर्ती येथे गोदावरीस मिळते. मराठवाड्यातील आजोळाहून जी नदी आपण सोडून आलो, तीच येथे पुन्हा भेटते.

आता कोणी विचारील, पाण्यात औषध मिसळले तर मिसळले. त्याने अपाय कोणता? औषध विष थोडेच आहे? या शंकेचे उत्तर जीवाणूंच्या स्वभावात आहे. पाण्यात आणि गाळात कोट्यवधी जीवाणू नांदत असतात. त्यांतील एखाद्यात योगायोगाने असा बदल झालेला असतो की औषधाचा परिणाम त्याच्यावर होत नाही. औषध नसलेल्या पाण्यात या बदलाचा त्यास लाभ नसतो. उलट कित्येकदा तो भारच असतो. पाण्यात औषध आले की इतर जीवाणू मागे पडतात आणि हा एकटा फोफावतो. त्यासाठी औषध मारक मात्रेत असण्याचीही आवश्यकता नसते. मारक मात्रेच्या कित्येक शेकडा पट कमी प्रमाणातही अशी निवड घडून येते, हे स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले. शिवाय जीवाणू आपली प्रतिरोधाची जनुके शेजाऱ्यास देऊ शकतात, आणि तो शेजारी भिन्न जातीचा असला तरी चालते. जपानमध्ये १९५९ च्या सुमारास आमांशाच्या जीवाणूंचा अभ्यास करताना ही गोष्ट प्रथम उघड झाली. ओढ्यातील निरुपद्रवी जीवाणूने कमावलेले कवच अशा रीतीने रोगकारक जीवाणूच्या अंगावर चढू शकते. रासायनिक विष पाण्यात पसरले की विरळ होत जाते; प्रतिरोधाचे जनुक मात्र पसरले की वाढत जाते. या प्रदूषणाचे वेगळेपण हेच.

याचा परिणाम रुग्णालयात दिसतो. जगभरात २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळे थेट झालेले मृत्यू सुमारे १२ लाख ७० हजार होते, असा अंदाज २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. यांतील किती मृत्यूंचे मूळ कारखान्यांच्या पाण्यात आहे, हे वेगळे काढता येत नाही. औषधांचा अविचारी वापर, रुग्णालयांतील अस्वच्छता, कोंबड्या व जनावरांना दिली जाणारी औषधे, ही कारणेही त्यात आहेतच. तरीही जेथे एका बादलीत एक गोळी आहे, तेथे नव्या प्रतिरोधास जन्म देणारी भट्टी अहोरात्र पेटलेली आहे, हे निश्चित.

मग इतके औषध पाण्यात असताना ते कोणास कळले कसे नाही? पटानचेरूच्या प्रदूषणाविषयी लोकांनी तक्रार केली नव्हती असे नाही. शेती व पाणी नासल्याची ही कैफियत १९९० मध्येच सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली होती. पण शेतकरी पाण्याचा रंग सांगू शकतो, वास सांगू शकतो, करपलेले पीक दाखवू शकतो. प्रतिजैविकाला या प्रमाणात ना रंग, ना वास. सरकारी तपासणीत पाण्याची आम्लता, त्यातील तरंगते कण, आणि सेंद्रिय द्रव्यांच्या विघटनास लागणारा प्राणवायू ही मोजमापे होतात. २०१४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने औषधनिर्मितीसह १७ प्रकारच्या प्रदूषणकारी उद्योगांना अशी मोजमापे अखंड करणारी स्वयंचलित यंत्रे बसविण्याचा आदेश दिला, तो स्वागतार्हच होता. परंतु प्राणवायूच्या मागणीचा आकडा हा सर्व सेंद्रिय द्रव्यांची एकत्र बेरीज असतो. त्या बेरजेत साखर आणि सिप्रोफ्लॉक्सासिन यांत भेद नाही. गाडीभर धान्याचे वजन करून त्यात धोत्र्याचे बी किती आहे हे कळत नाही, तसेच हे.

प्रतिजैविक नेमके ओळखणारी पद्धत आहे आणि ती उत्तम आहे. द्रव्यांना एका नळीतून पाठवून परस्परांपासून विलग करणारी लिक्विड क्रोमॅटोग्राफी आणि त्यांच्या रेणूंना फोडून तुकड्यांचे वस्तुमान मोजणारी मास स्पेक्ट्रोमेट्री, या दोहोंची जोडणी लिटरमागे काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश, इतके औषधही शोधते. पटानचेरूचे पाणीही असेच तपासले गेले. पण हे यंत्र कोट्यवधी रुपयांचे असते. त्यास वातानुकूलित दालन, शुद्ध वायू, प्रशिक्षित तंत्रज्ञ हे सारे लागते. नमुना बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्यावा लागतो आणि निकाल येईपर्यंत दिवस उलटतात. औषधाचा कारखाना तर घाण्याघाण्याने चालतो. आज एक औषध, पुढच्या आठवड्यात दुसरे. ज्या तासाला टाकी धुतली जाते त्या तासाला नाल्यात औषधाची लाट येते आणि ओसरते. वर्षातून दोनदा घेतलेल्या नमुन्यात ती लाट सापडणे हा केवळ योगायोग. येथेच अब्जांश संवेदकांची आवश्यकता उत्पन्न होते.

संवेदक म्हणजे काय? त्याचे दोन भाग असतात. एक ओळख पटविणारा आणि दुसरा ती ओळख पटल्याचे आपल्याला कळेल अशा रीतीने सांगणारा. पहिला भाग पाण्यातील सहस्र द्रव्यांतून हवा तो रेणू धरतो. दुसरा भाग रंग बदलून, प्रकाश मंद करून किंवा विद्युत्प्रवाहात फरक पाडून त्याची वर्दी देतो.

या कामी अब्जांश पदार्थ का वापरावयाचे? नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. एक सेंटिमीटर बाजूचा घन घेतला तर त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर भरते. त्याच घनाचे दहा-दहा नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर सर्व तुकड्यांचे मिळून पृष्ठफळ ६०० चौरस मीटर होते. गणित विद्यार्थ्यांनी घरी करून पाहावे. खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर लवकर विरघळते, त्याचे कारण हेच वाढलेले पृष्ठफळ. रेणू धरण्याचे काम पृष्ठभागावर चालते. म्हणून तितक्याच पदार्थात लक्षावधी पट अधिक जागा मिळते. दुसरे असे की, इतक्या लहान आकारात पदार्थाचे प्रकाशाशी आणि विजेशी असलेले वर्तनच पालटते.

सोन्याचे उदाहरण घेऊ. दागिन्यातील सोने पिवळे. पण तेरा-चौदा नॅनोमीटरच्या कणांच्या रूपात पाण्यात विखुरलेले सोने माणकासारखे तांबडे दिसते. मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये अशी तांबडी द्रावणे तयार करून त्यांचा अभ्यास केला होता. कणातील इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकत्र हेलकावे घेतात आणि हिरवा प्रकाश शोषतात, म्हणून आपल्याला तांबडा रंग दिसतो. हे कण एकमेकांस चिकटले की शोषण दीर्घ तरंगलांबीकडे सरकते आणि द्रावण जांभळे-निळे होते. या रंगबदलाचा उपयोग असा करतात. ॲप्टामर नावाचे डीएनएचे लहान धागे असतात. १९९० मध्ये त्यांची निवड करण्याची पद्धत सापडली. विशिष्ट औषधालाच मिठी मारील असा धागा तीमुळे निवडून काढता येतो. हे धागे सोन्याच्या कणांभोवती बसले की मीठ टाकले तरी कण एकमेकांस चिकटत नाहीत. पण पाण्यात ते औषध असेल तर धागा सोने सोडून औषधास बिलगतो. उघडे पडलेले कण मीठ घालताच गोळा होतात आणि तांबडे पाणी जांभळे होते. कॅनामायसिन या औषधासाठी कोरियातील संशोधकांनी २०११ मध्ये हे करून दाखविले. पुढे टेट्रासायक्लिन आदी औषधांसाठीही अशा पद्धती झाल्या.

दुसरा मार्ग प्रकाशाचा. क्वांटम डॉट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अर्धवाहकाच्या अतिसूक्ष्म कणांचा रंग त्यांच्या आकारावरून ठरतो. त्यांच्या शोधासाठी बावेंडी, ब्रुस आणि येकिमोव यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांचेच भाऊबंद म्हणजे कार्बनचे कण. अतिनील प्रकाशात ते निळसर उजळतात. पाण्यात टेट्रासायक्लिन असेल तर ही आभा मंदावते. किती मंदावली यावरून औषध किती, याचा अदमास लागतो.

तिसरा मार्ग विजेचा. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या रेणूतून विशिष्ट विद्युत्दाबाला इलेक्ट्रॉन काढून घेता येतात. साध्या विद्युताग्रावर हा प्रवाह फार क्षीण असतो. ग्राफीन, म्हणजे एका अणूच्या जाडीचा कार्बनचा पापुद्रा, किंवा कार्बनच्या अब्जांश नळ्या त्यावर पसरल्या की प्रवाह वाढून मोजण्याजोगा होतो. ग्राफीनच्या संशोधनासाठी गाइम व नोव्होसेलोव यांना २०१० मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, हे आपणास स्मरत असेल. मधुमेही रुग्ण घरी रक्तातील साखर मोजतात, त्या पट्टीसारखीच ही पट्टी आणि तेवढेच लहान यंत्र. ओळख पटविण्यासाठी येथे पुष्कळदा साच्याची युक्ती योजतात. औषधाच्या रेणूभोवती बहुवारिकाचा लेप घडवावयाचा आणि मग तो रेणू धुऊन काढावयाचा. मागे नेमका त्याच्या आकाराचा खळगा राहतो. मोदकाच्या साच्यात करंजी बसत नाही, तसा त्या खळग्यात दुसरा रेणू सहसा बसत नाही.

‘सहसा’ हा शब्द मी हेतुतः वापरला. या संशोधनाची स्तुती करताना त्याच्या उणिवाही सांगणे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसमोर माझे कर्तव्य ठरते. प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यात औषध मिसळून घेतलेली चाचणी आणि नाल्यातील पाण्याची चाचणी यांत महदंतर आहे. नाल्यात क्षार असतात, साबण असतो, कुजलेल्या पाल्याची द्रव्ये असतात. सोन्याचे कण औषधाशिवाय नुसत्या क्षारांनीही गोळा होऊ शकतात. कार्बनची आभा गढूळपणानेही मंद दिसते. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि नॉरफ्लॉक्सासिन ही औषधे सख्ख्या भावांसारखी असल्याने साच्याचीही फसगत होते. पट्टीवर शेवाळ व घाण बसली की तिची संवेदना बोथट होते. कॅडमियमयुक्त क्वांटम डॉट स्वतःच विषारी. प्रदूषण मोजताना नवे प्रदूषण केले, असे होता कामा नये. म्हणून शोधनिबंधांच्या संख्येच्या मानाने नदीकाठी प्रत्यक्ष काम करणारी साधने फारच थोडी दिसतात.

यापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न आकड्यांचा आहे. पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन किती असावे म्हणजे प्रतिरोधाची निवड होणार नाही, याचा अंदाज २०१६ मध्ये बेंग्टसन-पाल्मे आणि लार्सन यांनी मांडला. तो आहे लिटरमागे ०.०६४ मायक्रोग्रॅम. पुन्हा गोळीचे गणित करू. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी इतकी विरळ करावयाची, तर सुमारे ७८ लाख लिटर पाणी लागेल. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर ७८० टँकर. उघड्या डोळ्यांना कळणारा रंगबदल इतक्या विरळ पाण्यात अपेक्षिणे अवास्तव होय. तशी चाचणी लिटरमागे काही मायक्रोग्रॅमपासून पुढेच विश्वासाने बोलू लागते. ती ‘नाही’ म्हणाली म्हणजे पाणी निर्धोक आहे, असे कदापि समजू नये. तांबडेच राहिलेले पाणी दाखवून कोणी निर्दोषत्वाचा दाखला मागू लागला, तर संवेदक हे सत्याऐवजी असत्याचे साधन होईल.

मग त्याचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो जागेवर अवलंबून आहे. पटानचेरूच्या त्या पाण्यात असलेले प्रमाण या सुरक्षित मर्यादेच्या जवळजवळ पाच लाख पट होते. इतके औषध ओळखण्यास अतिसूक्ष्म दृष्टीची गरज नाही. तेथे पहारा हवा. नदीत पोहोचल्यावर जे शोधण्यास कोट्यवधींचे यंत्र लागते, ते कारखान्याच्या नळाच्या तोंडाशी अल्प मोलाच्या पट्टीलाही दिसू शकते. म्हणून अब्जांश संवेदकाची खरी जागा सांडपाण्याच्या उगमाशी आहे. कारखान्याच्या आतील टाकीपाशी, सामाईक शुद्धीकरण केंद्राच्या प्रवेशाशी आणि निर्गमाशी तो असावा. दर तासाला त्याने पाहावे. संशय येताच नमुना आपोआप बाटलीत भरून घेतला जावा. आणि तो नमुना मग मोठ्या यंत्राने तोलावा. आपल्या घरी धान्य आधी चाळणीतून जाते आणि मग ताजव्यावर चढते. चाळणीने ताजव्याचे काम करू नये आणि ताजव्याला चाळणीचे काम देऊ नये. अशी व्यवस्था प्रामाणिक कारखानदारालाही हिताची आहे. कारण सामाईक नाल्यात सर्वांचे पाणी एक झाले की निर्दोष व दोषी यांत निवड करता येत नाही आणि कलंक साऱ्यांना लागतो. शिवाय वाहून जाणारे औषध हा त्याचाच माल असतो.

परंतु संवेदकाने दिलेला आकडा कोणत्या रेषेशी ताडून पाहावयाचा? ही रेषा कायद्याने आखावी लागते. जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने औषधनिर्मितीच्या सांडपाण्यासाठी नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात १२१ प्रतिजैविकांच्या कमाल मर्यादा दिलेल्या होत्या. इतका व्यापक विचार करणारा तो मसुदा जगात लक्षवेधी ठरला. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम नियम निघाले, तेव्हा त्या मर्यादा त्यांत नव्हत्या. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविकांच्या कारखान्यांतील सांडपाणी व घनकचरा यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि कारखान्यांसाठी लक्ष्ये सुचविली. ती तत्त्वे सल्ल्याच्या स्वरूपाची आहेत. त्यांना कायद्याचे बळ प्रत्येक देशाने द्यावयाचे असते. मर्यादाच नसेल तर जांभळे झालेले पाणी हा केवळ एक रंग आहे, पुरावा नाही. उलट मर्यादा आहे आणि मोजण्याचे साधन नाही, तर तो नियम कागदावरच राहतो. दोन्ही हवीत, आणि दोन्ही एकाच वेळी हवीत.

येथे नागरिकाचे स्थान येते. २००७ च्या त्या शोधनिबंधाचा विचार करताना मला एक गोष्ट नेहमी खटकते. पाणी इथले, ओढा इथला, त्याच्या काठचा शेतकरी इथला. पण त्या पाण्यात काय आहे हे त्याला समुद्रापलीकडच्या प्रयोगशाळेने सांगावे लागले. परकीय संशोधकांनी ते काम केले याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत. पण सिकंदराबादेत बसून रॉस यांनी जे केले, ते या शहरातील विज्ञानसंस्थांना व विद्यापीठांना आज अशक्य नाही. येथे रसायनशास्त्र आहे, जीवशास्त्र आहे, अभियंते आहेत आणि औषधांच्या रेणूंचे इतके सखोल ज्ञान असलेली माणसे क्वचितच दुसऱ्या एखाद्या शहरात सापडतील. रेणू घडविण्याची विद्या ज्यांच्यापाशी आहे, त्यांच्यापाशी तो रेणू पाण्यात ओळखण्याचीही विद्या आहेच. मोजमाप काठावरच्या माणसाच्या हाती यावे, त्याचे आकडे गावाच्या चावडीवर लागावेत, एवढी इच्छा मात्र हवी.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यासाठी शेवटचे थोडे. कोणीही उत्साहाच्या भरात कारखान्याच्या नाल्यावर पाणी भरावयास जाऊ नये; ते काम प्रशिक्षित माणसांचे. तुम्ही दुसरे काही करू शकता. घरात उरलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्या मोरीत ओतू नका, आणि वैद्याने सांगितल्याशिवाय त्या घेऊ नका. शाळेच्या प्रयोगशाळेत विरलतेची गणिते प्रत्यक्ष करून पाहा. रंगीत पाण्याचा एक थेंब दहापट, शंभरपट, हजारपट विरळ करीत जा आणि कोणत्या पायरीला तुमचे डोळे हार मानतात ते वहीत नोंदवा. त्या पायरीच्या पलीकडेही पाण्यात काहीतरी उरलेले असते, हे तुम्हाला तेव्हा कळेल. आणि कोणी तुम्हाला ‘पाणी शुद्ध आहे’ असे सांगितले, तर नम्रपणे चार प्रश्न विचारा : कोणते द्रव्य तपासले? कोणत्या साधनाने? कोणत्या जागी? कोणत्या वेळी? या चार प्रश्नांची उत्तरे देणे ज्यांना भाग पडते, ते पाण्याशी जपून वागतात. असे प्रश्न मराठीत विचारणारी एक पिढी या शाळेतून बाहेर पडली, तर गुरुजींचे स्मारक खऱ्या अर्थाने उभे राहिले, असे मी समजेन.